खानदेशची जुनी राजधानी

राजधानी म्हटली कीं आपलें मन दिल्लीकडे, विजापुराकडे, फार तर रायगडाकडे धांवतें. खानदेशलाहि एके काळीं स्वतःची राजधानी होती व ती भुसावळाहून आगगाडीनें तासाभराच्या अंतरावर आहे, हें मात्र जळगांव-धुळ्याच्या सुशिक्षित घरांतूनहि फारसें ठाऊक नसतें. वर्गांत मीं हा प्रश्न पुष्कळ वर्षें विचारला. उत्तर ‘जळगांव’ किंवा ‘धुळें’ असेंच येई. मुलांना दोष कसा द्यावा? १८६० सालीं बुऱ्हाणपूर शिंद्यांकडून इंग्रजांकडे आलें तें निमाड जिल्ह्याला जोडलें गेलें, आणि तेव्हांपासून तें आपल्या नकाशाबाहेरच राहिलें. आज तें मध्यप्रदेशांत असून २००३ पासून स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण आहे.

गेल्या हिंवाळ्यांत धुळ्याहून माझे मेहुणे व त्यांची नात आलीं, तेव्हां आम्हीं एका दिवसाची सफर योजिली. सावदें, निंभोरें, रावेर अशीं स्टेशनें मागें टाकीत गाडी केळींच्या बागांतून जाते. प्रांत बदलला हें स्टेशनावरील पाटीनेंच काय तें कळतें. जमीन, पीक, लोकांची बोली ह्यांत तिळमात्र फरक जाणवत नाहीं.

ह्या राज्याचें पहिलें ठाणें बुऱ्हाणपूर नव्हे. तें शिरपूर तालुक्यांतील तापीकांठचें थाळनेर. १३७० च्या सुमारास फिरोजशहा तुघलकानें मलिक राजाला तेथील जहागीर दिली, व त्याच्याच फारुकी घराण्यानें पुढें दोन शतकांहून अधिक काळ राज्य केलें. त्यांच्या कबरी थाळनेरास अद्यापि उभ्या आहेत. मलिक राजाचा मुलगा नासिरखान ह्यानें पंधराव्या शतकाच्या आरंभीं बुऱ्हाणपूर वसविलें आणि बुऱ्हाणुद्दीन ह्या साधुपुरुषाचें नांव त्याला दिलें. त्या साधूची समाधि आपल्या खुलताबादेस आहे.

शहराच्या मध्यावर जामा मशीद आहे. फारुकी राजा अलीखानाच्या काळचें हें काम. दोन उंच मिनार, मधें घुमट नाहीं, आणि काळ्या दगडाच्या कमानींची सरळ ओळ. तेथें आम्ही बराच वेळ थांबलों तो एका शिलालेखासाठीं. अरबी लेखाच्या जोडीला येथें चक्क संस्कृत लेख कोरलेला आहे. आरंभीं सृष्टिकर्त्याला वंदन, मग राजाची वंशावळ, आणि नंतर विक्रम संवत् १६४६, शके १५११, तिथि, घटका व नक्षत्र ह्यांसह एखाद्या जोशानें पत्रिकेंत लिहावी तशी मिति! मेहुण्यांनीं चष्मा पुसून तो पुन्हां पुन्हां पाहिला व म्हणाले, “मास्तर, हें आम्हांला शाळेंत कां नाहीं सांगितलें?” त्या मशिदींतच अकबराचाहि लेख आहे. १६०१ सालीं आशीरगड पडला व फारुकी राज्य संपलें, त्या विजयाचा तो.

मोगलांनीं हें शहर दक्षिणेच्या स्वाऱ्यांचा तळ केलें. १६१५ सालीं इंग्रज वकील सर टॉमस रो येथें शहाजादा पर्वेझाला भेटला. त्याच सालचें म्हणून सांगतात तें कुंडी भंडाऱ्याचें काम. सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान ह्याच्या अमदानींतील ही पाण्याची योजना मला साऱ्या राजवाड्यांहून मोठी वाटते. सातपुड्यावर पडलेलें पाणी जमिनींत मुरून तापीकडे झिरपत असतें. तें वाटेंतच अडवून भूमिगत बोगद्यांत घेतलें आणि नुसत्या उतारानें शहरापर्यंत आणलें. मोट नाहीं, रहाट नाहीं. बोगद्यावर ठराविक अंतरानें विहिरीसारख्या कुंड्या आहेत. त्यांतून हवा व उजेड आंत जातो आणि गाळ काढतां येतो. शंभराहून अधिक कुंड्यांची ती रांग शेतांतून गेलेली दिसते. खालीं उतरण्यास हल्लीं लिफ्ट आहे, ती चालू असेल त्या दिवशीं! खालीं निर्मळ पाणी वाहतें, पण भिंतींवर चुन्याचे थर चढत आहेत व त्यांनीं वाट अरुंद होत चालली आहे. २०२४ सालीं युनेस्कोच्या संभाव्य यादींत ह्याचें नांव आलें हें खरें. परंतु यादीनें थर खरवडले जात नाहींत. वर बोअर खोदले गेले तर खालचा झरा कोठून टिकणार?

तापीपलीकडे जैनाबादेस आहुखाना आहे. १७ जून १६३१ रोजीं मुमताजमहाल बुऱ्हाणपुरांत चौदाव्या बाळंतपणांत वारली व प्रथम येथेंच तिला दफन केलें. सहा महिन्यांनीं शव आग्र्यास नेलें. आज भोंवतीं पडक्या भिंती व गवत आहे. नातीनें विचारलें, “आजोबा, मग ताजमहाल इथंच का नाही बांधला?” वाटाडे ह्याचीं नाना उत्तरें देतात. मला इतकेंच वाटतें कीं बुऱ्हाणपूर हा बादशहाचा तळ होता, घर आग्र्यास होतें. परंतु त्याच वेळीं, १६३० च्या दुष्काळांत, पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी सुरतेहून नंदुरबारमार्गें येथें आला व रस्त्यांत पडलेल्या भुकेल्या माणसांच्या प्रेतांचें वर्णन त्यानें लिहून ठेवलें. त्या खानदेशी माणसांची एकहि कबर कोणी दाखवीत नाहीं.

मराठ्यांचा संबंध तर पुष्कळ आहे. १६८१ च्या आरंभीं संभाजी महाराजांच्या फौजेनें, हंबीरराव मोहिते पुढें असतांना, येथील बहादुरपुरा लुटला. उदगीरच्या लढाईनंतर, १७६० सालीं, शहर निजामाकडून पेशव्यांस मिळालें.

ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं सकाळची गाडी धरावी आणि आशीरगड त्याच दिवशीं उरकण्याचा हट्ट धरूं नये. तो उत्तरेस सुमारें १२ मैलांवर आहे व त्याला निराळा दिवस हवा. शाहशुजाच्या बेगमेचा छोटा घुमट मात्र चुकवूं नये. आंतली रंगीत नक्षी अजून टवटवीत आहे. परततांना चौकांत माव्याची जिलेबी मिळते. ती गरमच खावी, घरीं नेण्याच्या भानगडींत पडूं नये.