मोरसची साखर आणि मोरसची माणसे
(रामघाट, वाराणसी येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



मॉरिशस म्हटले की आजच्या मराठी कुटुंबाच्या डोळ्यांपुढे सहल कंपनीचे रंगीत पत्रक उभे राहते. निळे उथळ पाणी, पांढरी वाळू, नारळाच्या झावळ्यांखाली टाकलेल्या आरामखुर्च्या आणि नवपरिणित जोडपे. पत्रकात खोटे काही नसते. मात्र हे बेट मराठी माणसाला पत्रकाच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. आजच्या मंडळींच्या पणज्या दुकानातून 'मोरस साखर' आणवीत. चीनवरून चिनी आणि मिसरवरून मिश्री, तसा मॉरिशसवरून मोरस हा शब्द मराठीत आला आणि पुढे शुभ्र, दाणेदार साखरेचे नावच होऊन बसला. सोवळ्यातल्या स्वयंपाकाला ती वर्ज्य होती, कारण ती हाडांच्या कोळशातून शुद्ध करतात असा बोलबाला होता. स्वदेशीच्या चळवळीत तर तिच्यावर उघड बहिष्कार पडला. साखर चालते की नाही, हा वाद घरोघरी झाला. ती पिकवणारे हात कोणाचे, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारला असेल.

ते हात बहुतांशी भारतीय होते आणि त्यांत काही कोकणातले होते.

बेटाचा भूगोल थोडक्यात असा. विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे वीस अंशांवर, मादागास्करच्या पूर्वेस, ज्वालामुखीतून वर आलेले हे बेट आहे. रायगड आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांहूनही ते लहान आहे. त्याच्या बहुतेक किनाऱ्याला प्रवाळाचे कडे आहे. महासागराची लाट त्या कड्यावर फुटते आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत राहते. पत्रकातला तो निळा रंग याच उथळ पाण्याचा. भूमी मात्र सह्याद्रीच्याच जातीची, काळ्या बेसाल्टची. शामारेलची प्रसिद्ध 'सात रंगांची माती' म्हणजे त्या खडकाची लोह आणि ॲल्युमिनियम उरलेली झीज. जांभ्या दगडावर वाढलेल्या माणसाला तिचा तांबडा रंग अनोळखी वाटू नये. उसाच्या शेतांत ठिकठिकाणी काळ्या धोंड्यांचे मोठमोठे ढीग दिसतात. बसच्या खिडकीतून पाहणाऱ्याला ती एखाद्या जुन्या मंदिराची जोती वाटतात. शेत साफ करताना मजुरांनी वेचून रचलेले ते दगड आहेत.

मनुष्यवस्तीचा इतिहास फार जुना नाही. 1598 मध्ये डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्राचे नाव बेटाला दिले, डोडो पक्षी त्यांच्या काळात नामशेष झाला आणि 1710 मध्ये ते निघून गेले. 1715 पासून फ्रेंच आणि 1810 पासून इंग्रज. 1835 मध्ये गुलामगिरी संपली. उसाचे मळे तर वाढतच होते. मुक्त झालेले आफ्रिकी लोक मळ्यांवर राहण्यास राजी नव्हते, ही गोष्ट समजण्यासारखी आहे. मळेवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'ॲटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. कागदोपत्री त्यांचा उल्लेख 'धांगर' असा आहे. मराठी वाचक ते 'धनगर' असे वाचून फसतो. वास्तविक ते छोटा नागपूरच्या डोंगरातले आदिवासी होते. त्यानंतरच्या सुमारे ऐंशी वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसे या बेटावर उतरली. बहुसंख्य कलकत्त्याहून निघालेली भोजपुरी मुलखातली, त्याखालोखाल मद्रासहून आलेले तमिळ आणि तेलुगू, आणि तिसरा, सर्वांत लहान ओघ मुंबई बंदरातून निघालेला. मराठी माणसे या तिसऱ्या ओघातली.

करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि वर शिधा. 'अ‍ॅग्रीमेंट' या शब्दाचे 'गिरमिट' झाले. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. ज्यांनी गुलामगिरी बंद केली म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली, त्यांनीच हा हिशेब मांडला होता, हे लक्षात ठेवलेले बरे.

या सगळ्याचा काशीतल्या रामघाटाशी काय संबंध, असे कोणाच्याही मनात येईल. रामघाटाच्या दोन्ही अंगांना पाहावे. एका बाजूस नागपूरकरांचा भोसले घाट आणि पेशव्यांच्या घराण्यातील अमृतरावांच्या नावाशी जोडलेला गणेश घाट. दुसऱ्या बाजूस ग्वाल्हेरच्या दरबाराशी संबंधित जटार घाट आणि पेशव्यांचा बालाजी घाट. पुढे पंचगंगा. एकनाथांनी पैठणला आरंभिलेले भागवत 1573 मध्ये याच नगरीत पूर्ण केले. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातले गागाभट्ट येथूनच रायगडावर गेले. मराठी माणूस काशीला आला तो विद्येसाठी, पुण्यासाठी, कधी राज्य गेल्यावर उरलेले आयुष्य काढण्यासाठी. ती परंपरा अजून तुटलेली नाही. 2025 च्या शरदात रामघाटावरच्या वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयात अहिल्यानगरच्या एकोणीस वर्षांच्या एका तरुणाने शुक्ल यजुर्वेदाच्या सुमारे दोन हजार मंत्रांचे दंडक्रम पारायण पुस्तकाविना पूर्ण केले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिकडे गेले.

काशीला आलेल्या प्रत्येक यात्रेकरूची नोंद तीर्थोपाध्यायांच्या वहीत होई. नाव, वडिलांचे नाव, गाव, गोत्र, सोबत कोण, कोणत्या साली. तीन-चार पिढ्यांनंतर वंशज आला की उपाध्याय वही उघडीत आणि पणजोबांची सही दाखवीत. त्याच शतकात, तितक्याच काळजीने, दुसरी एक वही लिहिली जात होती. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलेल्या प्रत्येक मजुराचे नाव, वडिलांचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, परगणा आणि जहाज. पुढे पुढे छायाचित्रही. आणि त्याला एक क्रमांक. काशीची वही पुण्याचा हिशेब ठेवण्यासाठी होती, पोर्ट लुईची मजूर पळून जाऊ नये म्हणून. परंतु काळाचा खेळ असा की आज दोन्ही वह्या एकाच कामी येतात. ज्या धक्क्यावर ही नोंद होई तो 'कुली घाट' म्हणून ओळखला जाई. 1987 मध्ये त्याचे नाव 'आप्रवासी घाट' झाले आणि 2006 मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. बांधकामाचा थोडाच भाग आता उरला आहे. किनाऱ्यावर आठवडा काढणाऱ्या प्रवाशाला तो पाहण्यास अर्धा दिवसही लागत नाही. तरी अनेक सहलींच्या कार्यक्रमात त्याचा उल्लेख नसतो आणि बाजारहाटासाठी मात्र पूर्ण दुपार राखलेली असते.

नोंद करणाऱ्या कारकुनाला आडनाव म्हणजे काय हे उमगत नसे. बापाचे नाव मुलाचे आडनाव झाले. म्हणून आज मॉरिशसमध्ये रामजी, भिवाजी, बाबाजी अशी आडनावे भेटतात, तीही फ्रेंच वळणाने उच्चारलेली. सहलीच्या गाडीचा चालक आपले नाव सांगतो, पाहुण्यांना ते परके वाटते आणि संभाषण तेथेच थांबते. नाव नीट ऐकले तर त्यात कोकणातला एखादा पूर्वज सापडण्याची शक्यता असते.

ही माणसे काय घेऊन गेली, हा प्रश्न मोठा रम्य आहे. काशीच्या यात्रेकरूबरोबर पोथी होती, पुरोहित होता. समुद्र ओलांडणे शास्त्राला मान्य नव्हते, पण गिरमिटियाला प्रायश्चित्ताची व्यवस्था विचारण्यास सवड कोठून असणार? त्याच्याजवळ होते ते कंठात आणि पायांत. कोकणातली जाखडी तेथे 'झाकरी' झाली. गणपतीपुढे फेर धरून, ढोलकीच्या तालावर ती अजून रंगते. लग्नाकार्यात गोंधळ घातला जातो. गणेश चतुर्थीला तेथे राष्ट्रीय सुट्टी असते. घरोघरी मूर्ती बसतात आणि नदीत किंवा समुद्रात विसर्जन होते. ऋतू उलटे असल्यामुळे श्रावण-भाद्रपद तेथे हिवाळ्याच्या अखेरीस येतात आणि महाशिवरात्र ऐन उन्हाळ्यात, वादळांच्या दिवसांत. पंचांगाने ऋतूची पर्वा केलेली नाही.

भाषेची स्थिती निराळी आहे. घरात, बाजारात क्रिओल चालते. वृत्तपत्रे फ्रेंच, कारभार इंग्रजी. मराठी आरतीत उरली, झाकरीच्या पदांत उरली, आणि त्यानंतर जी काही उरली ती शाळेमुळे. सरकारी प्राथमिक शाळांत पूर्वजांची भाषा म्हणून मराठी निवडता येते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षण मिळते. मुलगा सकाळी मराठीच्या तासाला 'आई' लिहितो आणि घरी जाऊन आईशी क्रिओल बोलतो. यास कोणी उपहासाने पाहू नये. ज्या घरांत मराठी सहज बोलली जाते त्या घरांतून आज मराठी शाळेकडे पाठ फिरवली जात आहे, आणि जेथे ती बोलली जात नाही तेथे पालक मुलाचे नाव मराठीच्या वर्गात घालीत आहेत. हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या मराठी शाळेच्या सभेत ही विसंगती सांगितली नाही तर दुसरीकडे कोठे सांगायची!

काशीचा आणि मॉरिशसचा प्रत्यक्ष धागा गंगेचा आहे. बेटाच्या दक्षिण भागात डोंगरावर एक तळे आहे, मृत ज्वालामुखीच्या मुखात साठलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्रिओले गावातील एका पुजाऱ्यास स्वप्नात हे तळे जाह्नवीशी जोडलेले दिसले, अशी श्रद्धा आहे. तेव्हापासून महाशिवरात्रीला तेथे पायी यात्रा जाऊ लागली. 1972 मध्ये भारतातून आणलेले गंगाजल त्यात सोडले गेले आणि त्याचे नाव 'गंगा तलाव' झाले. काठावर 108 फुटांची शिवमूर्ती उभी आहे. तिचा नमुना बडोद्याच्या सुरसागरातल्या मूर्तीचा, म्हणजे गायकवाडांच्या नगरीचा. यात्रेकरू सजवलेली कावड खांद्यावर घेऊन दूरवरून चालत येतात. 1857 च्या धामधुमीत वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेच्या मुलखात फिरत होते आणि परतताना त्यांनी आईवडिलांसाठी गंगेची कावड आणली. 'माझा प्रवास' वाचलेल्या माणसाला गंगा तलावाच्या वाटेवरची ती रांग पाहून विष्णुभटजी आठवल्यावाचून राहणार नाहीत. येथे मात्र कावड उलट दिशेने आहे. गंगेपर्यंत पोहोचू न शकलेल्यांनी गंगाच बेटावर नेली.

ज्या निळ्या पाण्यासाठी जग तेथे धावते, त्याविषयी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. जुलै 2020 मध्ये 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळावर चढले आणि पुढे सुमारे एक हजार टन इंधनतेल समुद्रात सांडले. महामारीमुळे पर्यटक नव्हतेच. तेव्हा गावकऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी उसाचा पाला कापडी पिशव्यांत भरून त्यांचे लांबच लांब तरंगते बांध शिवले आणि तेल अडवले. ज्या उसासाठी पूर्वजांना आणले, त्याच उसाचा पाला वंशजांनी समुद्र राखण्यासाठी वापरला.

आता त्या वहीविषयीची शेवटची गोष्ट. मजुरांची नोंदपुस्तके मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेली आहेत. मार्च 2024 मध्ये भारताच्या राष्ट्रपतींनी मॉरिशसच्या भेटीत घोषणा केली की भारतीय वंशाच्या तेथील सातव्या पिढीसही ओसीआय कार्ड मिळू शकेल. त्यामुळे पूर्वजाच्या नावाचा तो जुना कागद आता आठवणीपुरता राहिलेला नाही, त्यास कायद्याचे मोल आले आहे. वंशज तेथे येतात ते बहुधा एखादे नाव किंवा एखादा क्रमांक घेऊन. गावाचे नाव कारकुनाने कानाला आले तसे रोमन लिपीत लिहिलेले असते आणि ते कोकणातले नेमके कोणते, हे तेथल्या माणसाला उलगडत नाही. महाराष्ट्रात अशी घरे असतील जेथे 'एक चुलत पणजोबा मोरसला गेला, परत आला नाही' एवढीच कथा शिल्लक आहे. त्या घरातले कोणी सुट्टीसाठी मॉरिशसला निघाले तर पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि अंदाजे साल एका कागदावर लिहून सोबत न्यावे. मोका हे पोर्ट लुईपासून फार दूर नाही.