मनाचा आजार आणि विम्याचा कागद



आजचा विषय घरात निघाला की आपण आधी दार लोटून घेतो. मनाच्या आजारावरील उपचार आणि त्यांचा खर्च, हा तो विषय.

कायदा आपल्या बाजूचा आहे. शरीराच्या आजाराला ज्या तत्त्वावर विमा मिळतो, त्याच तत्त्वावर मनाच्या आजारालाही मिळाला पाहिजे, असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम २१ सांगते. कायदा मे २०१८ मध्ये अंमलात आला. तरी सर्व कंपन्यांनी तो पाळावा म्हणून विमा नियामकाला ३१ ऑक्टोबर २०२२ ही मुदत घालावी लागली.

मग अडते कोठे? समजा, बारावीतल्या मुलीची झोप उडाली, जेवण तुटले, वही उघडली की तिला रडू येते. डॉक्टर अशा मुलीला सहसा दाखल करून घेत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी तपासतात, गोळ्या देतात, समुपदेशकाकडे पाठवतात. हे कधी कधी वर्षभर चालते. आणि बहुतेक पॉलिसी किमान २४ तास रुग्णालयात राहिल्यावरच पैसे देतात! म्हणजे ज्या उपचाराने दाखल होण्याची वेळ टळते, त्याचाच खर्च बापाच्या खिशातून. ओपीडीचा खर्च देणाऱ्या पॉलिसी आहेत, पण त्यांचा हप्ता आपल्यासारख्यांना जड जातो.

दुसरी अडचण आपल्या घरातली. मुलीच्या लग्नाचे कसे होईल, या धास्तीने आपण अर्जात आजार लिहीत नाही. पुढे जुनी चिठ्ठी निघते आणि माहिती दडवली म्हणून दावा नामंजूर होतो. तेव्हा खरे तेच लिहा. कंपनी कदाचित हप्ता वाढवील, क्वचित नकारही देईल. पण २०२४ च्या नियमांप्रमाणे आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपेक्षा जास्त थांबवून ठेवता येत नाही.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई व पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. तेथे फी नाही, वकील लागत नाही.

तोपर्यंत उपचार थांबवू नका. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. नावाला बिचकू नका, तेथे ओपीडीतही तपासतात. आणि १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. विद्यार्थी मित्रांनो, तो क्रमांक वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.