यंत्राला जाळी, मग गल्लीला का नको?



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणारा माणूस आज रहदारीवर का बोलतो आहे, असे काल एका गृहस्थांनी मला विचारले. रस्त्यावर उतरण्याची सवय आम्हां लोकांना आहेच, असे मी त्यांना हसून सांगितले. खरे उत्तर द्यायला मात्र थोडा वेळ लागेल, म्हणून ते आज देतो.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. आम्ही राहत होतो दापोडीला. सकाळच्या पाळीला ते सायकलवरून हॅरिस पुलाने जात. कॅरिअरला डबा बांधलेला, विजारीचा पायचा चिमट्यात धरलेला. मी लहानपणी पुलाच्या तोंडाशी उभा राहून त्या सायकलींची रांग पाहत असे. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, आणि ते शहर मुख्यतः कामगारांनी आणि विद्यार्थ्यांनी चालवलेले होते. संध्याकाळी आमच्या गल्लीत विटी-दांडू चाले. कोणाची आई पोरांना "रस्त्यावर जाऊ नकोस" म्हणत नसे, कारण रस्ता म्हणजेच अंगण.

आता कारखान्याकडे येतो. मी चळवळीत पडलो तो एका प्रेस मशीनमुळे. भोसरीतल्या एका लहान कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्या जोडीदाराची तीन बोटे गेली. चौकशी झाली. फोरमनने एकच वाक्य लिहून दिले : 'कामगाराने अचानक हात आत घातला.' हे वाक्य मी पुढे तीस वर्षे निरनिराळ्या कागदांवर वाचत आलो आहे. त्याला आमचे उत्तर ठरलेले असे. माणूस दमतो, त्याला डुलकी येते, घरच्या काळजीने त्याचे लक्ष उडते. हात आत जाणारच. तो आत गेला तरी चिरडला जाऊ नये अशी व्यवस्था यंत्राला पाहिजे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमाने नेमके हेच सांगितले होते : फिरत्या, धोक्याच्या भागाला कुंपण घाला. त्या कलमात 'कामगाराने सावध राहावे' असे म्हटलेले नव्हते. त्या जाळीसाठी आम्ही भांडलो आणि पुष्कळ ठिकाणी ती बसवून घेतली.

आणि मग २०२२ साली आमच्याच गल्लीत नऊ वर्षांचा एक मुलगा चेंडूमागे धावला आणि मोटारसायकलखाली आला. जगला, पण पाय अजून ओढतो. मोटारसायकल आमच्या युनियनच्या एका सभासदाची. रात्री त्याला घेऊन पोलीस चौकीत मीच गेलो, आणि अंमलदारापुढे माझ्या तोंडून शब्द निघाले, "पोर अचानक आडवे आले, साहेब."

घरी आल्यावर मला झोप लागली नाही. फोरमनचेच वाक्य मी बोललो होतो.

माझ्या पदरी आणखी एक गोष्ट आहे. मोटारसायकलीसाठी कर्ज मिळावे ही मागणी एका कराराच्या वाटाघाटीत मीच मांडली होती. त्याच करारात सायकलींची शेड काढून तिथे मोटारसायकली लावायला आम्ही मान्यता दिली. वस्त्या लांब गेल्या होत्या, बस वेळेवर नव्हती. कामगाराला वाहन हवेच होते. ती मागणी मी आजही चुकीची म्हणणार नाही. पण सायकलवाल्यांचे पुढे काय, हे त्या टेबलावर कोणी विचारले नाही, आणि मीही नाही.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत बत्तीस हजारांहून अधिक नुसती पायी चालणारी होती. एवढी माणसे एखाद्या उद्योगात मेली असती तर तो उद्योग बंद पाडावा लागला असता.

थोडे गणित सांगतो. ते मी वाचनालयातल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकावरून स्वतः करून पाहिले आहे. चालकाला ब्रेक दाबायचे सुचेपर्यंत एक सेकंद जातो असे धरा. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर सुमारे तेरा मीटरांत थांबते. ताशी ५० ची गाडी तेवढ्या अंतरात अजून ब्रेकलाच लागलेली नसते! पहिली जिथे उभी राहिली, तिथे दुसरी पुऱ्या वेगाने मुलावर येते. तो ५० चा धक्का म्हणजे इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून पडणे. ३० चा, पहिल्या मजल्यावरून. मुलाची चूक दोन्हीकडे तीच.

हे लोकांना पूर्वी कळत नव्हते असे नाही. अमेरिकेत सिनसिनाटी शहरात १९२३ साली बेचाळीस हजार नागरिकांनी सह्या करून मागणी केली की शहरातल्या प्रत्येक मोटारीला ताशी २५ मैलांवर जाऊ न देणारे यंत्र बसवा. मोटारविक्रेत्यांनी एकजुटीने विरोधी प्रचार केला आणि मतदानात ती सूचना पडली. त्याच काळात तिकडे रस्ता वाटेल तिथे ओलांडणाऱ्याला 'जेवॉकर', म्हणजे गावंढळ चालणारा, अशी शिवी रूढ करण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या ज्याचा रस्ता होता तो गावंढळ ठरला. मालकपक्षाची ही रीत आम्हांला चांगली ठाऊक आहे.

उलट उदाहरण हॉलंडचे. तो देश पहिल्यापासूनच सायकलींना जपणारा, असा आपला समज असतो. १९७१ साली तिथे सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली; त्यांत चारशेहून अधिक मुले. फिक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची मुलगी त्यांत होती. त्याने १९७२ साली वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि 'मुलांची हत्या थांबवा' या नावाने चळवळ उभी राहिली. आयाबाया, मुले रस्त्यांवर बसली. डेल्फ्ट गावातल्या रहिवाशांच्या आळ्यांत झाडे, बाके आणि वळणे घालून अशी रचना केली की मोटारीला माणसाच्या चालीनेच जावे लागे. १९७६ साली तिला कायद्यात जागा मिळाली. अलीकडे त्या देशात वर्षाला सातशेच्या आसपास माणसे रस्त्यावर मरतात, आणि मोटारी तर तेव्हाहून कितीतरी वाढल्या आहेत. तिथली मुले काही एकाएकी शहाणी झाली नाहीत. रस्ता बदलला.

आपल्याकडेही काही घडले आहे. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग पालिकेने दिवसभर पायी चालणाऱ्यांना मोकळा केला, आणि पुढे तो पादचारी दिन पाळला जाऊ लागला. पदपथ हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटले. पण वर्षातून एक दिवस जाळी लावून यंत्र सुरक्षित होत नाही.

गल्लीची जाळी म्हणजे काय? फार खर्चाची गोष्ट नाही. गल्लीचे तोंड अरुंद करा आणि कोपरा काटकोनी ठेवा, म्हणजे वळताना वेग आपोआप मोडतो. ओलांडायची जागा पदपथाच्या उंचीला आणा. मग माणूस खाली उतरत नाही, गाडीला वर चढावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे, मोठ्या रस्त्यावरची गर्दी चुकवण्यासाठी जी वाहने गल्लीतून आरपार पळतात, त्यांची वाट एका टोकाला बंद करा. माणूस आणि सायकल जाईल, मोटार जाणार नाही. नुसता 'हळू चालवा' असा फलक लावून काही होत नाही. तसले फलक प्रेस मशीनवरही होते.

आमच्या गल्लीत आम्ही हेच मागितले. सह्या गोळा केल्या, अर्ज दिला, हेलपाटे घातले. दीड वर्षाने एका टोकाला तीन दगडी खांब बसले. विरोध झाला तो घरचाच. रुग्णवाहिका कशी येणार, असे विचारणाऱ्यांना मी विचारले की आज दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असताना ती कशी येते? मधला खांब कुलपाचा केला आणि किल्ली कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ठेवली. दुकानदारांना गिऱ्हाईक तुटेल अशी भीती होती. किराणावाला आता ती बोलून दाखवत नाही, रंगाचे दुकान असलेले गृहस्थ अजून बोलतात.

आमचा एक रिक्षावाला सभासद मात्र माझ्यावर रागावला आहे. त्याला घरी यायला रोज दोन मिनिटांचा वळसा पडतो आणि त्याचे पेट्रोल कोणी भरून देत नाही. हे खरे आहे, मी ते नाकारलेले नाही. गेल्या आठवड्यात संध्याकाळी तो खांबापाशी रिक्षा उभी करून चालत आत आला. पोरांनी नेमक्या वाटेतच स्टंप मांडले होते. त्याने चेंडू उचलला, दोन पावले धावून टाकला आणि माझ्याकडे न बघता घरात गेला.