सर्वांच्या हाती माती

1949 साली महारोगी सेवा समिती स्थापून बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर, समाजाने टाकलेल्या कुष्ठरुग्णांच्याच हातांनी विहीर खोदवून जे शेत पिकविले, त्या आनंदवनाचा वारसा पिंपरी-चिंचवड व चाकणच्या औद्योगिक वस्तीने चालवावा, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी दिव्यांगांनाही माती हाताळता येईल अशी बाग हवी: चाकाच्या खुर्चीसाठी बारास एक या प्रमाणाचा उतार, बसल्याजागी हात पोचेल व खाली गुडघे शिरतील असा उंच वाफा, आणि त्यात पानओवा, गवती चहा, मरवा. पानओव्याचे जाड, लवदार पान चुरगाळताच दृष्टिहीन मुलीला रोप बिनचूक ओळखू येते. दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 नुसार मनोरंजनस्थळे सर्वांस सुगम असावयास हवीत. तेव्हा पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या उद्यान खात्याने अशा वाफ्यांना सत्वर मंजुरी द्यावी.