देवाची सबुरी

पुणें जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवाजवळ, येडगांव नांवाचें गांव आहे. तेथें कुकडी नदीला धरण घातलेलें आहे. माणिकडोह, डिंभें अशा इतर धरणांचेंहि पाणी तेथें येतें, आणि मग कुकडीच्या डाव्या कालव्यानें पारनेर, श्रीगोंदें, कर्जत, करमाळें या कोरड्या तालुक्यांकडे जातें. हें पाणी हिशेबाचें असतें. आवर्तन ठरतें, अर्ज होतात, पाणीपट्टी भरावी लागते. आणि कालव्याच्या शेवटच्या टोंकाचा शेतकरी, आपल्या वांट्याचें पाणी वाटेंतच संपलें, अशी तक्रार करतो. त्याची तक्रार न्याय्य आहे. जें मोजकें आहे तें मोजूनच दिलें पाहिजे. पण त्याच रानावर आषाढांत पाऊस पडतो, तेव्हां तो कोणाचा सातबारा पाहत नाहीं. येशू ख्रिस्तानें डोंगरावरील प्रवचनांत देवाच्या प्रेमाला हाच दाखला दिला आहे : सज्जनाच्या शेतावर आणि दुर्जनाच्या शेतावर पाऊस सारखाच पडतो.

हें ऐकावयास गोड वाटतें, पण विचार करूं लागलें कीं टोंचूं लागतें. मत्तयाच्या शुभवर्तमानांत द्राक्षमळ्याच्या धन्याची गोष्ट आहे. त्यानें पहांटे एक दिनार रोज ठरवून मजूर लाविले. दिवस चढला तसतसे आणखी लाविले; आणि दिवस मावळावयास तासभर उरला असतां, बाजारांत रिकामे उभे असलेले कांहीं जण मळ्यांत धाडिले. संध्याकाळीं सर्वांना रोज सारखाच! पहांटेपासून उन्हांत राबलेले कुरकुरले. नारायणगांवच्या टापूंत आज द्राक्षांचे पुष्कळ मळे आहेत. तेथील छाटणीच्या मजुरांना ही गोष्ट सांगितली तर तेहि याच जागीं कुरकुरतील, आणि मला वाटतें, त्यांत त्यांची चूक नाहीं. मजुरीचा व्यवहार असा चालत नाहीं. मात्र गोष्टींतला एक बारकावा आपण विसरतों. उशिरा आलेले लोक आळशी नव्हते. आम्हांला कोणीं कामाला लाविलेंच नाहीं, असें ते सांगतात. त्यांच्याहि घरीं रात्रीं चूल पेटावयाची होती. धनी श्रमांचा हिशेब करीत नाहीं, चुलीचा करतो.

तरी हें प्रेम विनाअट आहे म्हणजे बेफिकीर आहे, असें मात्र नव्हे. लूकाच्या शुभवर्तमानांत मळ्यांतलें एक अंजिराचें झाड तीन वर्षें फळ देत नाहीं. मालक म्हणतो, तोडून टाक, फुकट जागा कां अडवावी? माळी विनवितो कीं, आणखी एक वर्ष राहूं द्या. मी भोंवतीं खणतों, खत घालतों. एवढें करून फळ आलें नाहीं तर मग तोडा, असेंहि तो म्हणतो. हें शेवटचें वाक्य गाळून गोष्ट सांगण्याची एक रीत आहे. ती मला पसंत नाहीं. त्या वाक्यामुळेंच कुदळीला अर्थ येतो. माळी नुसती वाट पाहत बसत नाहीं. देवाची सबुरी ही अशी अंगमेहनतीची सबुरी आहे. पुढल्या वर्षीं त्या झाडाला फळ आलें कीं नाहीं, तें गोष्टींत सांगितलेलें नाहीं.

महाराष्ट्रांत ही सबुरी कोठें दिसली, असें कोणी विचारील तर मी टिळक दांपत्याकडे बोट दाखवीन. कवि नारायण वामन टिळक यांनीं १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. सोवळ्यांत वाढलेली बाई, पदरीं लहान मुलगा. त्या नातलगांकडे राहूं लागल्या. पुढें अहमदनगरास पतीजवळ आल्या, तरी आपली चूल त्यांनीं वेगळीच ठेविली. टिळक स्वभावानें मुळींच सबुरीचे नव्हते. तापट होते, लहरी होते, हें ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्या घराघराला ठाऊक आहे. म्हणून टिळकांना देवाच्या जागीं बसवूं नये. पण त्या तापट माणसानेंहि पत्नीच्या धर्माला हात लाविला नाहीं. जातीचा विटाळ लक्ष्मीबाईंच्या मनांतून हळूहळू, त्यांच्याच विचारानें गळून पडला, आणि सुमारें पांच वर्षांनीं त्यांनीं स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. त्या तसें न करत्या, तर त्यांच्यावरील देवाचें प्रेम उणें झालें असतें काय? ख्रिस्ती श्रद्धेचें उत्तर ‘नाहीं’ असेंच असलें पाहिजे. नाहींतर तो पाऊस नव्हे, कालवाच म्हणावा लागेल.

आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोंचलों, असें टिळक म्हणत. तुकोबांचे गुरु बाबाजी चैतन्य यांची समाधि याच जुन्नर तालुक्यांत, ओतूर येथें दाखवितात. देवाला ‘माउली’ म्हणण्याची आपल्या संतांची रीत टिळकांच्या ख्रिस्तभक्तींतहि उतरली, ती या वाटेनें. लेंकरूं शहाणें झाल्यावरच त्याला जेवूं घालणारी आई आपल्या ऐकण्यांत नाहीं.

टिळक १९१९ च्या मे महिन्यांत वारले. ख्रिस्ताच्या चरित्रावरील त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य तेव्हां अपुरें राहिलें होतें. त्याचे पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनीं लिहिले.