उंच ताई

मी मुळशी तालुक्यातल्या भरे गावातून बोलतेय. आज बचत गटाच्या हिशेबाचं काही बोलणार नाही. आज सांगणार आहे एका खेळणाऱ्या मुलीची गोष्ट.

पस्तीस वर्षांपूर्वी मी एसटीनं पुण्याला कॉलेजला जायचे. परतीची गाडी संध्याकाळी असायची. तोवर मी मैदानाच्या कट्ट्यावर बसून मुलींचा बास्केटबॉल बघायचे. त्यात एक होती, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी पुढं. आम्ही तिला उंच ताई म्हणायचो.

पाच-पाच जणींचे दोन संघ आणि दहा फुटांवर लोखंडी रिंग. चेंडू नुसता हातात धरून पळायचं नाही, टप्पे पाडत न्यायचा. ताई पळायला लागली की चेंडूकडं बघायचीसुद्धा नाही. कोणती मैत्रीण कुठं मोकळी आहे, ते तिला आपोआप कळायचं. एकदा दुसऱ्या कॉलेजशी सामना होता. शेवटचं मिनिट राहिलं आणि दोघींनी तिला घेरलं. सगळ्यांना वाटलं, आता हीच नेम धरणार. तिनं चेंडू दिला संघातल्या सगळ्यात घाबरट मुलीला! त्या मुलीनं बास्केट केली आणि आम्ही जिंकलो. त्या दिवशी माझी एसटी चुकली. घरी बोलणी खाल्ली, पण त्याचं काही वाटलं नाही.

पुढं ताईचं लग्न झालं, आणि ती पुन्हा मैदानावर दिसली नाही.

गेल्या वर्षी एका लग्नात अचानक भेटली. मी विचारलं, "ताई, खेळ का सोडलात हो?" ती हसली. म्हणाली, "अगं, मी कुठं सोडला? लग्नानंतर पुन्हा खेळतेस का, असं कुणी विचारलंच नाही."

मैत्रिणींनो, हे फक्त आपल्याकडंच झालं असं नाही. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या एका शेतकरी घरात लुशिया हॅरिस नावाची मुलगी होती. उंचीवरून तिला शाळेत चिडवायचे. तिनं आपल्या कॉलेजला १९७५, ७६ आणि ७७ अशी सलग तीन वर्षं देशात पहिलं आणलं. १९७६ मध्ये मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये बायकांचा बास्केटबॉल पहिल्यांदा आला, आणि त्यातली पहिली बास्केट हिनंच केली. पुढच्या वर्षी पुरुषांच्या मोठ्या लीगमधल्या एका संघानं तिची निवड केली. पण तेव्हा ती गरोदर होती. तिनं नाही म्हटलं. पैसे घेऊन खेळावं अशी बायकांची लीग तेव्हा तिथं नव्हतीच. इतकी गुणी मुलगी, पण कॉलेज संपलं तेव्हा तिच्यासाठी अशी लीगच नव्हती.

आता दिवस बदलतायत. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. २०१७ मध्ये बंगळुरूला आशियाई स्पर्धेच्या ब गटात आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं. फक्त दोन गुणांनी! त्या संघात शिरीन होती.

ताईचं बोलणं मात्र माझ्या मनातून जाईना. माझी सून कॉलेजात कबड्डी खेळायची. घरात तिचं पदक आहे, आल्यागेल्याला मी कौतुकानं दाखवते. पण लग्नाला दोन वर्षं झाली, मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. त्या रात्री घरी आले आणि म्हटलं, "तुला खेळावंसं वाटतं का गं?" पोरगी आधी गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, स्वयंपाक कोण बघणार?" मी म्हटलं, "रविवारी मी बघते."

आता दर रविवारी सकाळी ती शाळेच्या मैदानावर गावातल्या मुलींना कबड्डी शिकवते. पहिल्या रविवारी चारजणी आल्या, आता अकरा येतात. चार लोक बोलले, अजूनही बोलतात. बोलू देत.

तुमच्या गावातही अशी एखादी असेल. गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. तिचं कौतुक तर कराच, पण तिला विचारा, "पुन्हा खेळतेस का?" आणि ती हो म्हणाली, तर तेवढा एक तास तिचं काम आपल्यातल्या कुणीतरी उचला.