बंदुकीवरील सिंह

आमच्या कात्रजच्या एका घरांत एक जुनी बंदूक आहे. घरचे म्हणत, ती १८१७ च्या खडकीच्या लढाईंतली. एका जाणत्या गृहस्थांनीं मात्र ती टोपीची पाहून हंसून सोडून दिली. कंपनीच्या फौजेंत टोपीच्या बंदुका आल्या त्या १८४० नंतर.

मीं घोड्याखालची लोखंडी पट्टी पुसून पाहिली. तिच्यावर मुकुट धरलेला सिंह होता. ही कंपनीची १८०८ च्या सुमारापासूनची खूण. त्यापूर्वीं पत्त्यांतल्या बदामासारखी आकृति असे. शेजारीं बुजविलेलीं भोकें दिसलीं. तेथें चकमकीचे भाग होते! बंदूक मूळची चकमकीची, मागाहून बदललेली. एवढ्यानें ती खडकीस होती असें ठरत नाहीं. परंतु नव्हती, असेंही आतां म्हणवत नाहीं. मालकांस म्हटलें, ती घांसूं नका. सिंहाचें शेपूट दिवाळीच्या साफसफाईंत आधींच गेलें आहे.